निदान एकीला तरी

ताई कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. पहिल्या वर्षाच्या मुलांना शक्यता म्हणजे काय हे समजावणं कायम तिच्याच वाट्याला यायचं, कारण बाकीच्या प्राध्यापकांना तो वर्ग नकोसा असायचा. नाणी, फासे, पिशवीतले लाल-काळे चेंडू. मुलं पाठीमागे तिला ‘चेंडूवाल्या मॅडम’ म्हणतात हे तिला ठाऊक होतं, आणि त्याचा तिला रागही नव्हता. घरात मात्र या विद्येबद्दल तिला कुणी कधी काही विचारलं नव्हतं. पहिल्यांदा विचारलं ते धाकट्या बहिणीनं. त्या दिवशी ताईला मनातून किती बरं वाटलं होतं, हे आठवलं की पुढे तिला स्वतःचीच लाज वाटायची.

धाकटी कपडे शिवायची. घराची पुढची खोली म्हणजेच तिचं दुकान. खिडकीपाशी मशीन, मधोमध कापड बेतायचं लांब टेबल, आणि भिंतीला टेकवलेला एक आरसा, ज्यात बघून गिऱ्हाईक नेहमी स्वतःला जाड म्हणायचं. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. अख्ख्या शहराला वरखाली नेऊन संध्याकाळी तो स्वतः चार मजले चढून घरी यायचा, कारण त्यांच्या इमारतीला लिफ्टच नव्हती. त्यांना दोन मुली, जुळ्या. पाठमोऱ्या दिसल्या तर बापालाही ओळखू यायच्या नाहीत. तोंड उघडलं की मात्र आंधळ्यालाही कळावं. एकीचं तोंड दिवसभर चालू, म्हणून ती टकळी. दुसरी मौनी.

मौनी मुकी नव्हती. घरात ती बोलायची, थोडं, हळू आवाजात, पण नीट. उंबरठ्याबाहेर पाऊल पडलं की तिच्या तोंडाला कुलूप लागायचं. दुकानदारानं नाव विचारलं, शेजारणीनं गाल ओढला, तरी ही ढिम्म. मग तिच्या वाटचं टकळी बोलायची. तिला पाणी हवंय, तिला बूट चावतोय, तिला तुम्ही आवडला नाहीत. डॉक्टर म्हणाले होते की हा हट्ट नाही, भीती आहे. वेळेवर कुणी जाणत्या माणसानं हातात घेतलं तर सुटेल, वय वाढलं की मुरेल.

असं जाणतं माणूस ताईच्या कॉलेजच्या आवारातच होतं. आवाराच्या दुसऱ्या टोकाला एक शाळा होती, आणि त्या शाळेत अडखळणाऱ्या, न बोलणाऱ्या मुलांना बोलतं करणाऱ्या एक बाई होत्या. त्या फक्त शाळेतल्याच मुलांना शिकवायच्या. आणि पहिलीच्या तीस जागांसाठी दरवर्षी शंभरावर अर्ज येत, म्हणून सोडत निघायची.

त्या वर्षी एकशेवीस अर्ज आले. सोडतीवरून आधी कुरबुरी झाल्या होत्या, म्हणून मुख्याध्यापिकेनं ताईला बोलावून नियम घालून द्यायला सांगितले. ताईनं आधीच सांगून टाकलं की अर्जांमध्ये तिच्या भाच्याही आहेत. मुख्याध्यापिका म्हणाल्या, म्हणूनच तुम्ही जास्त काटेकोर राहाल. ताईनं नियम केले. प्रत्येक मुलाची एक चिठ्ठी, आणि चिठ्ठी ज्या मुलाची निघेल, जागा त्या मुलाची. जुळ्यांच्या पालकांना वाटलं तर दोघांची मिळून एकच चिठ्ठी टाकावी. ती निघाली तर दोन्ही जागा त्यांच्या. पण एकदा चिठ्ठ्या वेगळ्या टाकल्या की नंतर भावंडं म्हणून कुणालाही सवलत नाही. हे शेवटचं वाक्य तिनं मुद्दाम घातलं. मावशीनं पक्षपात केला असं कुणी म्हणायला नको. जुळ्या मुलांची त्या वर्षी अर्जांत एकच जोडी होती.

रविवारी दुपारी ती धाकटीकडे गेली, तेव्हा धाकटीनं मशीन थांबवून विचारलं, “ताई, चिठ्ठी एक टाकू की दोन?”

ताईनं बटणांचा डबा मागितला. टेबलावर शंभर बटणं मोजून पसरली. मोजायला टकळी मोठ्यानं आकडे म्हणत होती, आणि मौनी मागून एकेक बटण सरळ रांगेत लावत होती. समज, ही सोडत शंभरदा झाली, असं ताई म्हणाली. एकच चिठ्ठी टाकली तर शंभरातल्या पंचवीस वेळा दोघी आत, पंचाहत्तर वेळा दोघी बाहेर. मग तिनं बटणं पुन्हा गोळा करून नवे ढीग केले. चिठ्ठ्या वेगळ्या टाकल्या तर दोघींनाही मिळेल असं साधारण सहा वेळा. एकीलाच मिळेल असं अडतीस वेळा. कुणालाच नाही, छप्पन्न वेळा. सहा आणि अडतीसचे ढीग तिनं तळव्यानं एकत्र सरकवले.

“म्हणजे निदान एकीला तरी मिळण्याची शक्यता शंभरात चव्वेचाळीस,” ती म्हणाली. “पंचवीसच्या जवळजवळ दुप्पट.”

धाकटीचा नवरा दारात चहाचा कप घेऊन उभा होता. तो म्हणाला की छप्पन्न बटणांचा ढीग सगळ्यांत मोठा आहे आणि त्याच्याकडे कुणी बघतच नाहीये. धाकटीनं त्याला गप्प केलं. तिनं बराच वेळ त्या दोन ढिगांकडे पाहिलं. दगडापेक्षा वीट मऊ, असं काहीसं ती पुटपुटली. मग ताईला विचारलं, तू काय केलं असतंस. ताई म्हणाली, मी दोन टाकल्या असत्या. इतकं नीट तर तिनं वर्गातही कधी समजावलं नव्हतं. जिना उतरताना ती त्याच आनंदात होती.

सोडत शाळेच्या सभागृहात झाली. पालक दाटीवाटीनं बसले होते, कुणी उभे होते. टेबलावर पत्र्याचं गोल पिंप, त्याला फिरवायला दांडा. चिठ्ठ्या काढायला शाळेच्या ग्रंथपाल बसल्या होत्या, डोळ्यांना पट्टी बांधून. ताई नियम करणारी म्हणून व्यासपीठावर, एका बाजूच्या खुर्चीवर होती. तिथून तिला धाकटी दिसत होती, तिसऱ्या रांगेत, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. मुली शेजारणीकडे होत्या.

टकळीचं नाव लवकर आलं, पहिल्या दहांतच. धाकटीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाजूच्या बायकांनी तिची पाठ थोपटली. ताईला वाटलं, झालं, आता काही झालं तरी हात रिकामे नाहीत.

मग तिचं डोकं सवयीनं चालायला लागलं. वर्गात ती हेच शिकवायची: काढलेला चेंडू परत टाकला नाही तर प्रत्येक वेळी हिशोब नव्यानं मांडायचा. वीस चिठ्ठ्या निघाल्या. पिंपात शंभर उरल्या, जागा दहा. म्हणजे मौनीला दहात एक. पंचवीस निघाल्या. आता एकोणिसात एक. समोर माणसं कमी होत नव्हती, पण प्रत्येक नावाबरोबर धाकटीचा चेहरा बारीक होत चालला होता. ताईला वाटलं उठावं, पिंप आणखी जरा फिरवायला सांगावं. फिरवून काही फरक पडत नाही हे तिच्याहून चांगलं त्या सभागृहात कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटची चिठ्ठी निघाली. त्यानंतर प्रतीक्षा यादीसाठी पाच काढल्या. त्यांतही मौनी नव्हती.

घरी परतताना दोघी बसमध्ये शेजारी बसल्या होत्या. धाकटी खिडकीबाहेर बघत होती. ताई बोलत राहिली, की एकीचं तरी झालं, टकळी हुशार आहे, तिचं सोनं होईल. दोन थांबे गेले. मग धाकटीनं मान वळवली.

“ताई, त्या चव्वेचाळीसमध्ये मौनीचे किती होते?”

ताईला प्रश्न आधी कळलाच नाही.

“त्या अडतीस बटणांत टकळी एकटी किती वेळा, आणि मौनी एकटी किती वेळा?”

“निम्मं निम्मं. एकोणीस, एकोणीस.”

“आणि दोघींची सहा. म्हणजे मौनीचे पंचवीस.” धाकटीनं बोटांवर काहीच मोजलं नाही. आकडे तिच्या तोंडी शिवणाच्या मापासारखे सरळ येत होते. “एकच चिठ्ठी टाकली असती तर मौनीचे किती?”

“पंचवीसच.”

“तेव्हा टकळी बरोबर असती.”

“हो.”

धाकटीनं परत खिडकीकडे तोंड केलं. ताईला वाटलं, हिनं शिव्या द्याव्यात, पाठीत एक धपाटा घालावा. गणित चुकलं नव्हतं. आकडा न् आकडा बरोबर होता. प्रश्नच चुकीचा घेतला होता. घराला जागा हवी होती ती मौनीसाठी, आणि तिनं हिशोब मांडला होता ‘निदान एकी’चा, जणू दोघी म्हणजे एकाच पिशवीतले दोन लाल चेंडू. वर्गात हीच चूक एखाद्या मुलानं केली की ती खडूनं फळ्यावर ठोकून सांगायची: आधी घटना कोणती ते लिहा, मग मोजा.

दुसऱ्या दिवशी ती मुख्याध्यापिकेकडे गेली. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. टकळीची जागा मौनीला द्या, एवढंच तिचं मागणं होतं. एक घर, एक जागा, कुणाचंच नुकसान नाही. मुख्याध्यापिका मनानं चांगल्या होत्या. त्यांनी खरंच विचार केला. मग म्हणाल्या, मॅडम, चिठ्ठी ज्या मुलाची निघाली, जागा त्या मुलाची, हे तुम्हीच लिहिलंय. आज तुमच्या भाचीसाठी बदललं तर उद्या दारात नव्वद पालक उभे राहतील, आणि त्यातल्या प्रत्येकाकडे असंच काहीतरी खरं कारण असेल. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्या बोलत्या करणाऱ्या बाईंनाही ती भेटली, मूल कुणाचं ते न सांगता. त्या म्हणाल्या, शाळेबाहेरचं मूल घेतलं तर माझी नोकरी जाईल, आणि माझ्या हाताखालच्या मुलांचा आवाजही जाईल.

आठवड्याभरानं धाकटीच्या नवऱ्यानं ताईला घरी बोलावलं. मुली आतल्या खोलीत होत्या. तो टेबलाच्या कडेवर बसला आणि हातातला स्क्रूड्रायव्हर फिरवत शांतपणे बोलला. जन्मतारीख एक. आईबाप एक. चेहरा एक. प्रवेशाला जन्माचा दाखला टकळीचा न्यायचा आणि मूल मौनीला न्यायचं. फोटो कुणाचाही लावा, कोण ओळखणार. नाव विचारलं तर ती सांगणार नाही, ती कुणालाच काही सांगत नाही. मुख्याध्यापिकेला शंका आलीच तर म्हणायचं, हीही बाहेर बोलेनाशी झालीय. मौनीच्या नावानं टकळीला घराजवळच्या शाळेत घालू. तिथे जागाच जागा आहेत.

“ताई, तुम्ही नको म्हणालात तर नाही करणार,” तो म्हणाला.

ताईला आधी राग आला. आपणच नियम केले आणि आपल्याच घरात ते असे फिरवायचे. मग बसमधली धाकटी आठवली. हो म्हणायला तोंड उघडेना, नाही म्हणायला जीभ रेटेना. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे आपल्याच सल्ल्यानं येऊन अडकलेलो. ती म्हणाली, “मी आता काही सांगणार नाही. मला विचारू नका.”

धाकटी मशीनवर होती. तिनं सुईत दोरा ओवला, गाठ मारली, आणि म्हणाली, “नको विचारू तिला.” त्या एका वाक्यात राग होता की दया, हे ताईला पुढेही कधी ठरवता आलं नाही.

तसंच झालं. मुलींना समजावलं की शाळेत नावांची अदलाबदल करायची आहे, हे गुपित आहे, कुणाला सांगायचं नाही. टकळीला आधी गंमत वाटली. मौनीनं नेहमीसारखं काही विचारलं नाही. शाळा सुरू झाली तशी मौनी रोज सकाळी ताईच्या हाताला धरून कॉलेजच्या आवारात यायची. शाळेच्या फाटकापाशी ताईनं हात सोडला की ती एकदाही मागे वळून न बघता आत जायची. ताई मग वर्गात जाऊन चेंडू काढायची. त्या सत्रात तिनं ‘निदान एक’ची उदाहरणं शिकवली नाहीत. मुलांना सांगितलं, पुस्तकात आहेत, वाचून घ्या.

पावसाळा संपला, थंडी पडली. एक दिवस आवारातल्या झाडाखाली त्या बोलत्या करणाऱ्या बाई ताईला गाठायला धावत आल्या. त्यांचा चेहरा फुलला होता. त्यांनी ताईचा हात धरून सांगितलं की इतके महिने त्या रोज आरशासमोर मुलीला घेऊन बसत होत्या. त्यांची पद्धतच अशी की मुलानं घराबाहेर पहिला शब्द उच्चारावा तो स्वतःच्या नावाचा.

“आज म्हणाली,” बाई म्हणाल्या. “आरशात बघून, स्पष्ट. तीन वेळा. मला वाटलं आधी मावशीला सांगावं.”

ताईनं विचारलं, काय म्हणाली. बाईंनी टकळीचं नाव सांगितलं, ते दाखल्यावरचं पूर्ण नाव, आणि हसल्या. ताईही हसली. आणखी काय करता आलं असतं. बाईंनी मेहनत केली होती, मूल बोललं होतं, शेवटी हवं तेच झालं होतं. तिनं बाईंचे आभार मानले आणि वर्गाला उशीर होतोय म्हणून निघाली. 

संध्याकाळी ती धाकटीकडे गेली. बातमी तिथे पोचली होती. धाकटीनं मौनीला कुशीत घेतलं होतं आणि मौनी तिच्या कानात काहीतरी सांगत होती. नवरा अजून आला नव्हता. टकळी बेतायच्या टेबलाखाली बसून कापडाच्या चिंध्यांच्या घड्या घालत होती. ताईनं वाकून तिला विचारलं, तुझ्या शाळेत आज काय झालं. पूर्वी या एका प्रश्नावर पाऊण तास गेला असता. टकळीनं आईकडे पाहिलं, मग मान हलवली, काही नाही.

धाकटीनं मौनीला आत पाठवलं. मग सांगितलं की परवा टकळीच्या वर्गाच्या बाईंनी बोलावलं होतं. मुलगी वर्गात अजिबात बोलत नाही. हाक मारली तर लवकर ओ देत नाही, दिली तर तोंडातल्या तोंडात. मैत्रीण एक नाही. गुपित फुटेल या धाकानं पोर तोंडच उघडत नव्हती, हे धाकटीला तिथेच बसल्या बसल्या कळलं, पण सांगणार कसं.

“त्या बाई फार आपुलकीनं बोलल्या,” धाकटी म्हणाली. “म्हणाल्या, कॉलेजजवळच्या शाळेत एक बाई आहेत, अशा मुलांना बोलतं करतात. दुसरीत एखाद-दुसरी जागा निघते म्हणे. पुढच्या वर्षी हिचं नाव सोडतीत टाकून बघा.”

ताई खुर्चीवर बसली. टेबलाखालून घड्या घालण्याचा आवाज येत होता, कापडावर तळवा फिरवल्यासारखा. दोन्ही मुलींची नावं परत जागेवर ठेवायची तर शाळेत जाऊन सगळं कबूल करायचं, म्हणजे मौनीची जागा जाणार. ठेवायची नाहीत, तर हे असंच. आणि टकळीला पुढच्या वर्षी सोडतीत टाकायचं ते मौनीच्या नावानं. तिनं हे सगळं मनात दोनदा उलटंपालटं केलं आणि दोन्ही वेळा तिथेच येऊन पोचली.

“किती असेल गं, ताई?” धाकटीनं विचारलं. तिच्या आवाजात आता टोचणी नव्हती. खरंच विचारत होती. “पुढच्या वर्षी. एका जागेला किती येतील, किती शक्यता धरायची?”

जागा किती ते कळलं, अर्ज किती ते कळलं, तर भागाकार करायचा. पहिल्या तासाला ती हेच शिकवायची.

“मला नाही माहीत,” ताई म्हणाली.

धाकटीनं मान हलवली आणि मशीनवरचं कापड पुढे ओढलं. बराच वेळ मशीन चालू राहिलं. ताई उठून टेबलापाशी गेली, खाली बसली, आणि टकळीबरोबर चिंध्यांच्या घड्या घालू लागली. टकळीनं तिच्यासाठी थोडी जागा करून दिली. बोलली मात्र काही नाही.